टाचणीबाई आणि गच्च भरलेली शाळा

टाचणीबाईच्या दुकानात कपड्यांपेक्षा स्वप्नं जास्त येतात, असं तिची धाकटी जाऊ म्हणायची. जाऊ तोंडाची फटकळ, पण यात तिचं फारसं चुकत नव्हतं.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये दोन मशीनं, मागे पडद्याआड वीतभर उंचीचा लाकडी चौथरा आणि त्याच्यासमोर माणसाएवढा आरसा. गिऱ्हाईक त्या चौथऱ्यावर हात पसरून उभं राहायचं आणि बाई ओठांत सात-आठ टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरायची. टाचण्या तोंडात असल्या की तिला बोलता यायचं नाही, आणि समोरचा गप्प आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकाला राहवायचं नाही. हलायचं नाही, बसायचं नाही, हात खाली करायचे नाहीत. माणूस करणार तरी काय? बोलत सुटायचा. आधी हवापाणी, मग सासू, मग गुडघेदुखी, आणि हे सगळं संपलं की रात्री पडलेलं स्वप्न.

शेवटची टाचणी कापडात जाईपर्यंत बाई ऐकून घ्यायची. मग एकच प्रश्न विचारायची, "स्वप्नात तुम्ही कुठे होता?" उत्तर मिळालं की अर्थ सांगायची. साप, पाणी, पडलेले दात यांचे अर्थ काय, कोणीही सांगतं. पण गर्दीच्या शाळेच्या स्वप्नात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि हे स्वप्न किती जणांना पडतं! नातवंडं झालेली माणसं चौथऱ्यावर उभी राहून सांगायची, शाळा आहे, माणसांनी गच्च भरलीय, माझा वर्गच सापडत नाही.

"मी जिन्यात होते," पोस्टातली बाई म्हणाली होती.

"मग वर जायचं की खाली, ते तुमचं ठरत नाहीये," टाचणीबाई म्हणाली. आठवड्याभरात पोस्टातल्या बाईने नवऱ्याला सांगून टाकलं की बदलीच्या गावी मी काही येत नाही.

सुतार म्हणाला होता, मी बाकावर बसलो होतो, पण बाक माझं नव्हतं. "मग कोणाच्या जागेवर बसलात?" एवढंच तिने विचारलं, तर तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. भावाचं दुकान त्याने कसं घशात घातलं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"यात स्वप्नाचा अर्थ कुठे आला, ताई?" जाऊ काजं करता करता म्हणाली. "ही तर गल्लीची बातमी झाली."

"मग गल्लीने त्याला का नाही विचारलं?" बाई म्हणाली, आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

हे कसब तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती दहा वर्षांची असल्यापासून तेच स्वप्न तिला स्वतःला पडत होतं, आणि ते का पडतं ते तिला पक्कं माहीत होतं.

ती चौथीत होती तेव्हाची गोष्ट. चाळीस मुलांच्या खोलीत एक्क्याण्णव मुलं बसायची. चौघांच्या बाकावर सात जण, खिडकीच्या कट्ट्यावर तिघं, आणि दाराशी जमिनीवर ही. हजेरीत तिचा नंबर त्रेचाळीस. गणितात ती वर्गात पहिली, पण ते मास्तरांना ठाऊक नव्हतं, कारण दाराशी बसलेल्या मुलीची वही त्यांच्या हाती कधी पोचायचीच नाही.

शाळा तपासायला अधिकारी येणार होता. एका वर्गात ऐंशीच्या वर मुलं दिसली तर मुख्याध्यापकांची धडगत नव्हती. शाळा सुटल्यावर मास्तर आणि कारकून दारातच हजेरीचा पट उघडून उभे राहिले आणि ही आपली दप्तर भरत त्यांच्या पायाशी. मांजराकडे जितकं लक्ष जावं तितकंही त्यांचं तिच्याकडे गेलं नाही.

"अकरा काढायचेत. कोणते काढू?" कारकुनाने विचारलं.

"ज्यांच्या घरून कोणी भांडायला येणार नाही, ते काढा. हं, पुढे," मास्तर म्हणाले.

कारकून नंबर वाचत गेला, मास्तर "हं, पुढे" म्हणत गेले, आणि लाल रेघा पडत गेल्या. ते अकरा आकडे तिने ऐकले आणि जन्मभर विसरली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. बेचाळीस. हजर. चव्वेचाळीस. हजर. मधल्या फटीत ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने "हजर" म्हणाली. सगळा वर्ग खो खो हसला. मास्तरांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "उद्यापासून येऊ नकोस. जागा नाही," ते म्हणाले.

तिची आई धुलाईघरात दवाखान्याच्या चादरी धुवायची. कामावर खाडा करून ती तीन दिवस शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. आवाज चढवणं तिला माहीतच नव्हतं. मास्तर दिसले की ती हात जोडायची, आणि मास्तर तिला वळसा घालून निघून जायचे. चौथ्या दिवशी धुलाईघराच्या मुकादमाने निरोप धाडला की येत नसशील तर दुसरी बाई ठेवतो. त्याच दिवशी मुलीला शिंप्याकडे काजं करायला बसवलं.

त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. मधल्या काळात लग्न झालं, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन परगावी गेली, दुकान स्वतःचं झालं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. शाळेच्या रस्त्याने ती कधी गेली नाही, लांबचा फेरा घ्यायची. ते मास्तर जिवंत आहेत की मेले, याची चौकशी तिने कधी केली नाही. मेले असं कळलं असतं तर तिला चालणार नव्हतं.

आणि मग एका सकाळी एक चाळिशीची बाई एका वाकलेल्या म्हाताऱ्याला हाताला धरून दुकानात घेऊन आली. म्हाताऱ्याच्या हातात काळा कोट होता.

"मावशी, बाबांचा सत्कार आहे, तीन आठवड्यांनी," ती म्हणाली. "ते ज्या शाळेत मास्तर होते ना, तिथे नवा हॉल झालाय. हा कोट निवृत्तीच्या वेळचा, आता अंगात लोंबतोय. तेवढा बेताचा करून द्याल?"

चेहऱ्यावरून टाचणीबाईने ओळखलं नाही. म्हातारे सगळे सारखेच दिसतात. ते चौथऱ्यावर चढले, कोट घालून हात पसरून उभे राहिले. तिने पहिली टाचणी खांद्यात लावली, थांबली, तर ते आरशात बघत म्हणाले, "हं, पुढे."

बरं झालं तोंडात टाचण्या होत्या. नाहीतर काय बोलली असती, देव जाणे.

"झोप नाही हो मला," मास्तर आपणहून सुरू झाले. "मुलगी म्हणाली, तुम्ही स्वप्नांचं सांगता. तीन महिने एकच स्वप्न पडतंय. शाळा भरलीय. किती? तर खिडक्यांत मुलं, जिन्यात मुलं, फळ्यापर्यंत मुलं. मी हजेरी घेतोय. एक नंबर पुकारतो आणि उत्तरच येत नाही. पुन्हा पुकारतो. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागतात. पट मिटायला जावं तर मिटत नाही."

एकोणपन्नास वर्षं ती ज्या वर्गाबाहेर उभी होती, त्या वर्गात हा माणूस आतून अडकला होता! तिला आनंद झाला. इतका की तिने टाचणी नको तितकी खोल खुपसली आणि मास्तर "आई गं" म्हणाले.

"कोणता नंबर पुकारता?" तोंड मोकळं झाल्यावर तिने विचारलं. नेहमीचा प्रश्न ती पहिल्यांदाच विसरली.

"तेच तर. जाग आली की आठवत नाही."

"मग पुढच्या वेळी मुलं मोजा," ती म्हणाली. "आणि कोट पुन्हा एकदा घालून बघावा लागेल. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी ते आले. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ऐंशी भरली, म्हणाले, आणि दाराबाहेर कसलीतरी चाहूल होती. "मग दार उघडा," बाई म्हणाली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी दार उघडलं होतं, बाहेर कोणीतरी पाठमोरं उभं होतं. "हाक मारा. तोंड बघितल्याशिवाय स्वप्न जायचं नाही," बाई म्हणाली. मांजर उंदराला एकदम खात नाही. तिला घाई नव्हती.

ते गेल्यावर जाऊने कोट हातात घेऊन उलटसुलट केला. "ताई, हा तर परवाच बसला होता की. तुम्ही बाहीचा मुंढा पुन्हा उसवलात?"

"अजून बसायचाय."

"कोट का मास्तर?"

बाईने कोट तिच्या हातून काढून घेतला. जाऊने सुई खाली ठेवली. "म्हातारं माणूस आहे. त्यांची मुलगी मघाशी बाहेर रडत होती. जेवत नाहीत म्हणे, घरात येरझाऱ्या घालतात. तुमचं त्यांच्याशी काही वैर आहे का?"

"आहे," टाचणीबाई म्हणाली. "तू काजं कर."

मुलगी रडत होती हे ऐकून तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिची आईही फाटकाशी रडलीच होती, आणि ते बघून कोणाचा घास अडला नव्हता. तिला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, न विचारता, त्रेचाळीस म्हणावं. बस्स. मग कोट त्याला दिला असता आणि कदाचित झोपही.

चौथ्या खेपेला मास्तर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. चौथऱ्यावर चढायच्या आधीच म्हणाले, "ओळखलं! तोंड बघितलं. नंबरही आठवला."

बाईने टाचण्या ओठांत धरल्या. कोट त्यांच्या अंगावर चढवला, त्यांचे हात पसरले, एकेक टाचणी लावायला घेतली.

"सत्तावन्न!" मास्तर म्हणाले. "कुरळ्या केसांचा मुलगा होता. त्याचं काय झालं, एकदा अधिकारी येणार म्हणून काही नावं पटावरून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याचा मामा चार माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या देखत माझी कॉलर धरली हो! शिपाईसुद्धा बघत होता. तो अपमान माझ्या मनात राहिला असणार. तेच स्वप्नात येतंय. नाही का?"

टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या. काम अर्धं सोडून टाचण्या बाहेर काढायची ही तिची पहिलीच वेळ.

"मग त्या मुलाचं काय केलंत?"

"काय करणार? नाव परत चढवलं. ऐंशीच्या जागी एक्क्याऐंशी. अधिकाऱ्याने कुठे मोजली? आला, चहा प्यायला, गेला."

"म्हणजे जागा होती."

"असं म्हणा."

"आणि बाकीचे दहा?"

मास्तरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. खरंच गोंधळले होते. "कोणते दहा?"

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. तो नाकबूल करेल, रागावेल, माफी मागेल, या सगळ्याला तिच्याकडे एकोणपन्नास वर्षं घोटलेली उत्तरं होती. आपण त्याच्या आठवणीतच नसू, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ज्याचा मामा भांडायला आला तो पटावरही परत आला आणि स्वप्नातही. जिची आई तीन दिवस हात जोडून उभी राहिली, तिला स्वप्नातसुद्धा जागा नाही!

मास्तरांचे हात खाली यायला लागले. "हात वर," ती म्हणाली. "काखेत टाचण्या आहेत, टोचतील." हात वर गेले.

"नऊ," ती म्हणाली. "सोळा. बावीस. तीस. एकतीस, ती माझ्या शेजारी दाराशी बसायची, तिला डोळ्याने कमी दिसायचं. अठ्ठेचाळीस. बासष्ट. सत्तर. अठ्ठ्याऐंशी. हे नऊ झाले. 'ज्यांच्या घरून कोणी भांडायला येणार नाही, ते काढा.' दहावी मी. त्रेचाळीस. आज माझ्या घरून कोणीतरी आलंय भांडायला, सर."

मास्तरांनी घाबरून पडद्याकडे पाहिलं. "कोण आलंय?"

"मी."

बाहेर जाऊचं मशीन थांबलं होतं. मास्तरांचे हात खाली आले नाहीत. शेवटी ते हळूच म्हणाले, "मला आठवत नाही हो, बाई. शप्पथ घेऊन सांगतो. दाराशी कोण बसायचं..."

"माहितेय मला," ती म्हणाली. "आता आठवेल."

तिने कोट उतरवून घेतला आणि त्यांच्यासमोरच बसली. दुकानाचा एक रिवाज होता, कपडा पुरा झाला की कॉलरखाली अस्तरावर ऑर्डरचा नंबर पांढऱ्या दोऱ्याने घालायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. त्या दिवशी तिने लाल दोरा ओवला. त्रेचाळीस घातला. आकडे सुबक आले. मग मुंढे पक्के शिवले, टाके असे घातले की दहा वर्षं हलू नयेत. सूड सुडाच्या जागी, कामात खोट काढायची नाही.

"तुम्ही मानेवर घेऊन फिरणार तो नंबर," ती कोट त्यांच्या हातात देत म्हणाली. "जुनं स्वप्न विसरा. त्याला अर्थ नव्हता."

पाच दिवसांनी मास्तरांची मुलगी एकटीच आली. काउंटरला धरून उभी राहिली. "मावशी, आता दुसरंच सुरू झालंय. शाळा तीच, गर्दी तीच. पण दारात एक मुलगी येऊन उभी राहते. काही बोलत नाही, नुसती बघते. तिच्या ओठांत टाचण्या असतात म्हणे. बाबा तिला सांगतात, ये, बस. पण बसवायचं कुठे? जागाच नाही. रोज घामाघूम होऊन उठतात. सत्कार परवावर आलाय. याचा अर्थ काय, तेवढं सांगा. मी पाया पडते."

पाया पडू नकोस, असं टाचणीबाईच्या ओठांवर आलं होतं. या पोरीने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तिने मुलीला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

"स्वप्नात ते कुठे असतात?"

"खुर्चीवर. मास्तरांच्या खुर्चीवर."

"मग जागा आहे की," टाचणीबाई म्हणाली. "वर्ग कितीही भरला तरी एक खुर्ची असते. त्यांना सांग, उठा आणि ती तिला द्या. आणि ती 'हजर' म्हणेपर्यंत खाली बसू नका."

"स्वप्नात ना?"

"त्यांना कळेल."

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना जाऊ म्हणाली, "परवा सत्काराला तुमच्याबरोबर मी पण येते. तुम्हाला एकटीला पाठवायची माझी हिंमत नाही."

शाळेच्या रस्त्याने टाचणीबाई एकोणपन्नास वर्षांनी चालली. फाटक नवं होतं. आई उभी राहायची तिथे आता सायकली लावल्या होत्या. हॉल माणसांनी फुलून गेला होता, जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, खिडक्यांतून डोकावणारी पोरं. पाय ठेवायला जागा नव्हती. तरी शेवटच्या रांगेत अगदी दाराशी दोन खुर्च्या तिला मिळाल्या. दाराशी बसायची तिला सवय होतीच.

मास्तर स्टेजवर आले. कोट झकास बसला होता. मधोमध त्यांच्यासाठी गादीची मोठी खुर्ची ठेवली होती. ते तिच्यापाशी गेले आणि बाजूला उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "बसा सर," सूत्रसंचालक म्हणाला. मास्तरांनी मान हलवली. लोकांना वाटलं, नम्रता. टाळ्या पडल्या. पहिलं भाषण झालं, दुसरं झालं, मानपत्र वाचून झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस उभाच. तासाभराने ते खुर्चीच्या पाठीवर रेलायला लागले, ते शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. मुलगी पाणी घेऊन धावली, कानाशी लागली. ते बसले नाहीत.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. खुर्ची न सोडता त्यांनी माईक हातात घेतला. सगळ्या हॉलवरून नजर फिरवली, आणि पूर्वी हजेरी घ्यायचे तशा आवाजात म्हणाले, "त्रेचाळीस."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"त्रेचाळीस," मास्तर पुन्हा म्हणाले. ते शोधत होते, रांगेमागून रांग, आणि शोधत शोधत त्यांची नजर दाराशी आली आणि थांबली.

टाचणीबाईचे ओठ मिटलेले होते, जसे टाचण्या असल्यावर असायचे. तो शब्द तिच्या जिभेवर होता. एकदा तिने तो म्हटला होता, सगळ्या वर्गासमोर, आणि या माणसाने वर पाहिलं नव्हतं.

जाऊने तिचा हात दाबला. "म्हणा की, ताई," ती कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढ्याचसाठी होतं ना? मागितलंत ते मिळालं. म्हणा आणि सोडवा. पडेल तो माणूस."

"किती वेळ झाला त्याला उभं राहून?"

"दीड तास झाला असेल."

"माझी आई तीन दिवस उभी होती," टाचणीबाई म्हणाली.

समोर कोणीतरी मास्तरांना धरायला उठलं, त्यांनी त्याचा हात झिडकारला आणि तिसऱ्यांदा नंबर पुकारला. तिने पर्स मांडीवर घेतली. खुर्ची चांगली होती, तिला पाठही होती. ती नीट टेकून बसली.